एकराला तीन गुंठ्यांचा फरक

प्रश्न असा आला आहे: "जेम्स वेब दुर्बिणीने महास्फोट सिद्धान्त मोडीत काढला, विश्व किती वेगाने प्रसरण पावतंय यावर शास्त्रज्ञांचंच एकमत नाही, असे व्हिडिओ रोज दिसतात. मग तुम्ही लोक विश्वाचे जे नकाशे काढता त्यांवर भरवसा कसा ठेवायचा? आणि नारळीकर सर म्हणत होते तेच शेवटी खरं ठरतंय का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, नाहीतर तो मनात अडकून राहील. तसं दिसत नाही. फ्रेड हॉईल, जेफ्री बर्बिज आणि जयंत नारळीकर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या प्रतिकृतीत विश्वाला आरंभच नव्हता. द्रव्य अधूनमधून नव्याने जन्मत राहतं आणि आकाशात सगळीकडून येणारं सूक्ष्मतरंग प्रारण म्हणजे जुन्या ताऱ्यांचा प्रकाश, लोखंडाच्या बारीक तंतूंनी शोषून पुन्हा बाहेर टाकलेला, असं ते मांडत. त्या प्रारणातले सूक्ष्म चढउतार नंतर इतक्या बारकाईने मोजले गेले की तसा अर्थ लावणं फार अवघड झालं. पुरावा मागत राहण्याची त्यांची सवय मात्र आमच्या पिढीला फार उपयोगी पडली. आज ६७ की ७३ असा जो वाद पेटलाय, त्यातले दोन्ही आकडे प्रसरण पावणाऱ्या विश्वाचेच आहेत. भांडण वेगाचं आहे.

ते किती मोठं आहे हे गावाकडच्या हिशेबात सांगतो. तेच सूक्ष्मतरंग प्रारण मोजणाऱ्या प्लांक उपग्रहाच्या निरीक्षणांवरून हबल स्थिरांक, म्हणजे प्रसरणाच्या वेगाचा आकडा, ६७.४ येतो. जवळच्या ताऱ्यांवरून आणि सुपरनोव्हांवरून, म्हणजे स्फोट होणाऱ्या ताऱ्यांवरून, मोजणाऱ्या अ‍ॅडम रीस यांच्या गटाला २०२२ मध्ये ७३.०४ मिळाला. एकक आहे किलोमीटर प्रतिसेकंद प्रतिमेगापार्सेक. म्हणजे साधारण ३२.६ लाख प्रकाशवर्षं दूर गेलं की दीर्घिकांचा, म्हणजे गॅलेक्सींचा, दूर जाण्याचा वेग तेवढ्या किलोमीटरने वाढतो. दोन आकड्यांत फरक आठ टक्क्यांचा. एकराला तीन-सव्वातीन गुंठे. एवढ्यासाठी आपल्याकडे तीन पिढ्या कोर्टात जातात.

आमच्या घरच्या जमिनीची मोजणी मी लहानपणी पाहिली आहे. दोनदा झाली आणि दोन्हींचा मेळ बसेना. सगळे साखळीला दोष देत होते. शेवटी कळलं की साखळी ठीक होती, पण दुसऱ्या वेळी ज्या हद्दीच्या दगडापासून सुरुवात केली तो दगडच कुणीतरी सरकवलेला होता. विश्वाच्या नकाशाबद्दल पुढे जे लिहितोय ते वाचताना तो दगड लक्षात असू द्या.

नकाशा काढायचा म्हणजे आम्ही नेमकं काय करतो? आकाशात दीर्घिका कुठे दिसते हे सांगणं सोपं आहे, फोटो काढला की झालं. अवघड आहे ती खोली. त्यासाठी प्रत्येक दीर्घिकेचा प्रकाश फोडून वर्णपट मिळवावा लागतो आणि हायड्रोजन, कॅल्शियम, ऑक्सिजन यांच्या ओळखीच्या रेषा तांबड्या बाजूला किती सरकल्यात ते पाहावं लागतं. ही ताम्रसृती. १९८६ मध्ये व्हॅलेरी द लापारां, मार्गारेट गेलर आणि जॉन हुक्रा यांनी सुमारे ११०० दीर्घिकांचा एक काप प्रसिद्ध केला तेव्हा लोक चकित झाले, कारण दीर्घिका सारख्या विखुरलेल्या नव्हत्या. बुडबुड्यांच्या पृष्ठभागावर बसाव्यात तशा त्या पातळ पडद्यांवर होत्या आणि मधे प्रचंड मोकळ्या जागा.

पुढे स्लोन सर्वेक्षणात न्यू मेक्सिकोतल्या अपाची पॉइंटला अ‍ॅल्युमिनियमच्या मोठ्या थाळ्या वापरत. प्रत्येक दीर्घिकेच्या जागी एक भोक पाडलेलं, आणि दिवसा माणसं हाताने एकेका भोकात प्रकाशतंतू खोचत. एका थाळीवर ६४०. मला ते पाहून मोत्यांचं विणकाम करणाऱ्या आज्या आठवायच्या. आता अ‍ॅरिझोनातल्या किट पीकवर १९७३ पासून चालू असलेल्या मेयॉल दुर्बिणीला डेसी नावाचं उपकरण बसवलं आहे. त्यात ५००० चिमुकले यंत्रमानव आपापला तंतू स्वतःच जागेवर नेतात, काही मिनिटांत पुढच्या आकाशखंडासाठी तयार होतात. मुख्य सर्वेक्षण मे २०२१ मध्ये सुरू झालं. मार्च २०२५ मध्ये त्यांनी जे निष्कर्ष दिले ते १ कोटी ४० लाखांहून अधिक दीर्घिका आणि क्वेसारांवर (अतितेजस्वी दीर्घिकाकेंद्रांवर) आधारलेले होते. अकराशेपासून दीड कोटीच्या जवळ, तेही माझ्या वयाच्या माणसाच्या हयातीत.

आता आतली गोष्ट. या नकाशावर प्रत्यक्ष अंतर कुठेच नोंदलेलं नसतं. नोंदलेली असते फक्त ताम्रसृती. तिचं अंतरात रूपांतर करायला प्रसरणाचा इतिहास आधी माहीत असावा लागतो, आणि तोच तर शोधायचा असतो! शिवाय दीर्घिकेचा स्वतःचा वेगही ताम्रसृतीत मिसळतो. एखाद्या मोठ्या समूहात दीर्घिका सेकंदाला हजारभर किलोमीटर वेगाने इकडेतिकडे फिरत असतात, त्यामुळे नकाशावर तो गोल समूह आपल्या दिशेला ताणलेल्या लांब बोटासारखा दिसतो. १९८६ च्या त्या प्रसिद्ध कापात काड्यांचा माणूस दिसतो. त्याचं धड म्हणजे असाच ताणलेला कोमा समूह. सगळीकडची बोटं पृथ्वीकडेच रोखलेली पाहून एका विद्यार्थ्याने मला विचारलं होतं, "सर, आपणच केंद्र का?" निरीक्षक कुठेही बसला तरी बोटं त्याच्याकडेच वळतील.

नकाशात कोरी जागाही आहे. आकाशगंगेच्या पट्ट्यातल्या धुळीमागचं दृश्य प्रकाशात जवळजवळ दिसत नाही. आपल्यासकट आसपासच्या दीर्घिका ज्या दिशेला ओढल्या जातायत ते ठिकाण नेमकं या पट्ट्याच्या आसपास आहे, हे नशीब. तिथे रेडिओ लहरींनी थोडंफार डोकावता येतं.

आणि चुका तर विचारूच नका. ५५७७ हा आकडा आमच्या धंद्यात कुप्रसिद्ध आहे. तेवढ्या अँगस्ट्रॉम तरंगलांबीला पृथ्वीच्याच वातावरणातला ऑक्सिजन रात्री हिरवा चमकतो. वर्णपटातून ती चमक वजा करतात, पण नीट वजा झाली नाही तर एक सुंदर टोकदार रेषा मागे उरते. विद्यार्थिदशेत मी अशाच एका रेषेवर दोन आठवडे घालवले होते, एक अतिदूरची दीर्घिका सापडली अशा आनंदात. मार्गदर्शकांनी तरंगलांबी विचारली, मी सांगितली, आणि ते काही न बोलता चहा आणायला गेले.

जेम्स वेबबद्दलच्या गोंगाटाचं मूळही इथे जवळच आहे. वर्णपट घ्यायला वेळ लागतो, म्हणून आधी निरनिराळ्या फिल्टरांतल्या रंगांवरून ताम्रसृतीचा अंदाज बांधतात. वेबच्या पहिल्या वर्षी एका दीर्घिकेची अशी अंदाजित ताम्रसृती १६ च्या आसपास आली. महास्फोटानंतर जेमतेम २५ कोटी वर्षांनी एवढी तेजस्वी दीर्घिका कशी, म्हणून गहजब झाला. २०२३ मध्ये वर्णपट मिळाला तेव्हा ताम्रसृती ४.९ निघाली. धूळ आणि काही ठळक रेषा यांनी मिळून रंगांचा चकवा दिला होता. म्हणून सगळं खोटं असंही नाही. १४ च्या वरच्या ताम्रसृती आता वर्णपटाने पक्क्या झाल्या आहेत आणि त्या काळातल्या तेजस्वी दीर्घिका अपेक्षेपेक्षा जास्त आहेत. पण माझ्या मते हा प्रश्न तारे किती झपाट्याने जन्मत होते याचा आहे. महास्फोटाला त्याने धक्का लागत नाही.

मग खरी मोजपट्टी कोणती? निसर्गानेच एक देऊन ठेवली आहे. पहिली सुमारे ३ लाख ८० हजार वर्षं विश्व इतकं तापलेलं होतं की प्रकाश आणि द्रव्य एकमेकांत गुंतलेले होते आणि त्या रसायनातून ध्वनिलहरी धावत होत्या. तापमान उतरलं, अणू तयार झाले, प्रकाश सुटला आणि लहरी होत्या तिथे थिजल्या. तोवर त्यांनी कापलेलं अंतर विश्वासोबत ताणलं जाऊन आज सुमारे ४९ कोटी प्रकाशवर्षं झालं आहे. परिणाम असा की कोणत्याही दोन दीर्घिकांमध्ये नेमकं एवढं अंतर असण्याची शक्यता किंचित, अगदी किंचित जास्त असते. नकाशाकडे बघून हे डोळ्यांना कधीच दिसणार नाही. लाखो जोड्या मोजल्या की आलेखावर एक उंचवटा येतो. २००५ मध्ये स्लोनच्या सुमारे ४७ हजार लाल दीर्घिकांत आणि ऑस्ट्रेलियातून झालेल्या दुसऱ्या एका सर्वेक्षणात तो पहिल्यांदा दिसला. माझ्या आयुष्यात पाहिलेला सर्वांत सुंदर आलेख कोणता असं विचारलंत तर मी तोच दाखवीन. तोच उंचवटा प्लांकच्या सूक्ष्मतरंग नकाशातही आहे, फक्त बालपणातला.

आता दगडाकडे येऊ. हबल स्थिरांक मोजायच्या दोन वाटा आहेत. लांबच्या दगडापासून निघणारे लोक बालविश्वातली ही ध्वनिलहरींची पट्टी घेतात. ती किती लांब हे भौतिकशास्त्राच्या नियमांवरून काढतात आणि तिथून आजपर्यंत येतात. जवळच्या दगडापासून निघणारे पायरी-पायरीने जातात. आधी शुद्ध भूमितीने मिळालेली अंतरं, म्हणजे आकाशगंगेतल्या ताऱ्यांसाठी गाया उपग्रह, मोठ्या मॅजेलनी मेघासाठी एकमेकांना झाकणारे जोडतारे, आणि एनजीसी ४२५८ या दीर्घिकेसाठी तिच्या मध्याभोवती फिरणाऱ्या पाण्याच्या वाफेचे मेसर (सूक्ष्मतरंगांचे नैसर्गिक लेसर). त्यावर सेफीड तारे. त्यांचा लुकलुकण्याचा काळ जितका मोठा तितकं तेज जास्त, हे हेन्रिएटा लेविटने १९१२ मध्ये पक्कं केलं. आणि सेफीडांवरून सुपरनोव्हांचं तेज.

या वाटेचा इतिहास फारसा अभिमान वाटावा असा नाही. हबलचा १९२९ चा आकडा ५०० च्या आसपास होता. त्या हिशेबाने विश्व पृथ्वीपेक्षाही वयाने लहान ठरत होतं. सेफीड दोन जातींचे असतात हे वाल्टर बाडेने १९५२ मध्ये सांगेपर्यंत हा घोळ पुरता उलगडला नाही. म्हणजे सरकलेला दगडच. नंतर सत्तर-ऐंशीच्या दशकांत अ‍ॅलन सँडेज ५० म्हणायचे आणि झेरार द व्होकुलर १०० म्हणायचे, आणि दोघेही स्वतःच्या आकड्यात दहा टक्क्यांहून जास्त चूक नाही असं सांगत! हबल दुर्बिणीच्या प्रकल्पातून वेंडी फ्रीडमन यांच्या गटाने २००१ मध्ये ७२ दिला, चुकीची मर्यादा ८ धरून. सगळ्यांना वाटलं, मिटलं. मर्यादा आकसली तेव्हा भांडण पुन्हा वर आलं.

माझं स्वतःचं मत विचाराल तर सेफीडांवरचा जुना संशय आता फारसा टिकत नाही. दाटीवाटीच्या भागात शेजारच्या ताऱ्यांचा प्रकाश मिसळून सेफीड जास्त तेजस्वी दिसत असतील, अशी शंका होती. वेबच्या बारीक नजरेने तेच तारे पुन्हा पाहिले आणि ते कारण पुरत नाही हे दिसलं. पण फ्रीडमन यांचा गट लाल राक्षसी ताऱ्यांच्या तेजाची कमाल मर्यादा आणि कार्बन तारे वापरतो, आणि त्यांना ७० च्या आसपास मिळतं, म्हणजे नेमकं मधे. माझी नजर मधल्या पायरीवर जाते. सेफीड आणि सुपरनोव्हा दोन्ही दिसलेत अशा दीर्घिका रीस यांच्या २०२२ च्या कामात ३७ होत्या आणि त्यांतले सुपरनोव्हा ४२. सगळा डोलारा या ४२ वर. यात काही गडबड असेलच असं मी म्हणत नाही, पण मोजणीवाला म्हणून मी आधी तिथेच वाकून बघेन.

समजा जवळची मोजणी बरोबर आहे. मग लांबची पट्टीच आपण समजतो त्यापेक्षा आखूड असायला हवी. त्यासाठी सिद्धान्तकारांनी बालविश्वात थोडा काळ एक जास्तीची ऊर्जा घातली, म्हणजे प्रसरण वेगात होतं आणि ध्वनीला धावायला वेळ कमी मिळतो. कल्पना हुशार आहे. पण तसं केलं की द्रव्याच्या गुठळ्या जास्त व्हायला हव्यात, आणि चिलीतल्या अटाकामा दुर्बिणीच्या २०२५ च्या नकाशात अशा ऊर्जेची खूण सापडली नाही. एका टोकाला चादर ओढली की दुसरीकडे पाय उघडे पडतात.

डेसीने २०२४ मध्ये, आणि २०२५ मध्ये जास्त जोराने, दुसराच प्रश्न उभा केला. १९९८ मध्ये विश्वाचं प्रसरण वेग घेतंय हे कळलं तेव्हापासून आपण त्यामागची कृष्णऊर्जा स्थिर मानत आलो, विश्वातल्या एकूण ऊर्जेच्या सुमारे ६८ टक्के. डेसीची पट्टी, प्लांकचं प्रारण आणि सुपरनोव्हा एकत्र ठेवले तर कृष्णऊर्जा कालांतराने क्षीण होत असावी असं दिसतं. किती ठामपणे? सुपरनोव्हांचा कोणता संच घेता त्यावर २.८ ते ४.२ सिग्मा. सिग्मा हे खात्रीचं माप, आमच्याकडे ५ ला शोध म्हणतात. संच बदलला की खात्री एवढी बदलते, हे मला बोचतं, कारण यातले बरेच जवळचे सुपरनोव्हा जुन्या, वेगवेगळ्या दुर्बिणींनी टिपलेले आहेत आणि त्यांची तेजपट्टी एकमेकांशी जुळवणं हे किचकट काम आहे. सुपरनोव्हा पूर्ण वगळूनही डेसी आणि प्रारण मिळून ३.१ सिग्मा उरतात, म्हणून मी हसण्यावारीही नेत नाही. व्हिडिओंत न येणारी एक गंमत सांगतो. कृष्णऊर्जा अशी क्षीण होत असेल तर हबल स्थिरांक ७३ कडे सरकत नाही, उलट ६७ च्याही किंचित खाली उतरतो. दोन कोडी एकाच किल्लीने सुटतील या आशेवर त्यामुळे पाणी पडतं.

बाकीच्या कोड्यांवर थोडक्यात. प्रारणावरून हिशेब केला तर द्रव्याच्या जेवढ्या गुठळ्या हव्यात त्यापेक्षा कमी दिसतात, हा वाद दहा वर्षं गाजला. २०२५ मध्ये किड्स सर्वेक्षणाच्या अंतिम विश्लेषणात तो जवळपास विरघळला, मुख्यतः ताम्रसृतींची जुळवणी सुधारल्यामुळे. जुन्या ताऱ्यांतलं लिथियम अपेक्षेच्या साधारण एक तृतीयांशच का, हे कोडं मात्र कित्येक वर्षं कोपऱ्यात पडून आहे, त्याच्याकडे कॅमेरे वळत नाहीत. कृष्णद्रव्य, म्हणजे न दिसणारं पण गुरुत्वाकर्षणातून जाणवणारं द्रव्य, कशाचं आहे हे कुणालाच ठाऊक नाही. त्यावर वेगळं लिहावं लागेल.

एक भारतीय उदाहरण मला फार आवडतं. २०१८ मध्ये एजेस नावाच्या रेडिओ प्रयोगाने ७८ मेगाहर्ट्झजवळ पहिल्या ताऱ्यांच्या काळातली खूण सापडल्याचं जाहीर केलं. ती अपेक्षेच्या दुपटीहून खोल होती, आणि बघता बघता कृष्णद्रव्याच्या नव्या गुणधर्मांवर लेखांची रांग लागली. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेच्या लोकांना वाटलं, अँटेनाखालची जमीनच घोळ करत असेल तर? थरांथरांची माती रेडिओ लहरी कशाही परतवते, पाणी मात्र एकसारखं असतं. त्यांनी सारस हे उपकरण तराफ्यावर चढवून कर्नाटकात दंडिगनहळ्ळी तलावात आणि शरावतीच्या फुगवट्यात तरंगत ठेवलं. २०२२ मध्ये निकाल आला. ती खूण तिथे नव्हती, ९५.३ टक्के खात्रीने. इथे दगड शब्दशः जमिनीतच होता.

पुण्याचंही एक. २०१७ मध्ये आयुका आणि आयसर या तिथल्या संशोधन संस्थांच्या खगोलशास्त्रज्ञांनी मीन राशीच्या दिशेला सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवर दीर्घिकांचा एक महासमूह ओळखला आणि त्याला सरस्वती नाव दिलं. विस्तार साधारण ६० कोटी प्रकाशवर्षं, किमान ४३ समूह, वस्तुमान सुमारे दोन कोटी अब्ज सूर्यांएवढं. विदा (डेटा) स्लोन सर्वेक्षणाची होती, म्हणजे जगात कुणालाही उघडी. दुर्बीण दुसऱ्याची असली तरी नकाशा नीट वाचणारा लागतो.

तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. नकाशावर भरवसा ठेवा. पडदे, पोकळ्या, समूह कुठे आहेत यात वाद नाही. वाद आहे तो नकाशाच्या कोपऱ्यातल्या प्रमाणाचा, एका इंचाला किती मैल याचा. तो सोडवायला दोन्ही जुन्या दगडांशी संबंध नसलेला तिसरा दगड हवा. गुरुत्वीय लहरी असा दगड देतात. दोन न्यूट्रॉन तारे आदळले की लहरींच्या आकारावरून अंतर थेट मिळतं, शिडी लागतच नाही. प्रकाशही दिसला तर ताम्रसृती मिळते. १७ ऑगस्ट २०१७ रोजी नेमकं हे घडलं आणि आकडा आला ७०, चुकीची मर्यादा मात्र वर १२ आणि खाली ८. म्हणजे दोन्ही पक्ष खूश. अशा काही डझन घटना हव्यात. आकाशात त्यांची जागा नेमकी शोधायला पृथ्वीवर दूरदूर शोधयंत्रं हवीत, आणि त्यांतलं एक हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ चार चार किलोमीटरच्या दोन भुजांचं उभं राहायचं आहे. २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला मंजुरी दिली. लहरी आणि प्रकाश दोन्ही खात्रीने टिपलेली दुसरी टक्कर २०१७ नंतर अजून हाती लागलेली नाही.